आठांपैकी पाच शिवणी

आमच्या घरात लोकर उघडी असेपर्यंत सुकी मासळी भाजायची नाही, असा नियम होता. नियम आईचा होता आणि त्याला कारण बेळगावचा दुकानदार होता. पहिल्याच वर्षी त्याने एक स्वेटर परत पाठवला आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘मालास बांगड्याचा वास येतो’ एवढेच लिहिले. त्यानंतर माघापासून वैशाखापर्यंत, आमच्या कट्टा गावातल्या घराघरांतून निखाऱ्यावर टाकलेल्या खाऱ्या बांगड्याचा वास येत असताना, आम्ही उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे, नाहीतर कुळथाची पिठी आणि भात खात असू. वडील शाळेतून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, की ताटाकडे बघून विचारत, “लोकर अजून आसा?” आई म्हणे, “आसा.” मग ते जेवायला सुरुवात करत. तीन-चार महिने हा संवाद रोज होई आणि त्यात कधी एक शब्द वाढला नाही.

मशीन माजघरात खिडकीखाली होते. तीन हात लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर ओळीने बसवलेल्या आकड्यांच्या सुया आणि त्या सुयांवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हाताने सरकवायची गाडी. गाडी एकदा सरकली की एक ओळ विणून होई. आईने मुंबईला भावाकडे दोन महिने राहून हे काम शिकून घेतले होते आणि परत येताना एक वापरलेले मशीनच घेऊन आली होती. गाडीचा आवाज ‘खर्र’ असा होई आणि टोकाला ‘टक्’. सकाळी पेज झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत हा आवाज घरात असे. तो थांबला की आम्ही मान वर करत असू, कारण थांबला म्हणजे टाका गळला किंवा सुई वाकली. खारी हवा असल्याने सुया गंजत. रोज सकाळी त्या तेलाच्या फडक्याने पुसाव्या लागत आणि पहिल्या दहा ओळी टाकाऊ लोकरीच्या विणाव्या लागत, म्हणजे तेलाचे डाग त्या ओळींत जात. चैत्रात घामाने लोकर हाताला चिकटे. आई मनगटांना ओले फडके बांधून बसे. एस. टी. स्टँडसमोरचा चहावाला वडिलांना भर बाजारात विचारी, “मास्तरांनू, ह्या कट्ट्यात स्वेटर घालतलो कोण? म्हशी?” त्याचे म्हणणे चूक नव्हते. आम्ही विणलेला एकही स्वेटर आमच्यापैकी कोणी अंगात घातला नाही. ते सगळे घाट चढून बेळगावच्या शाळांतल्या मुलांकडे जात.

शिवणकाम येसूआतेकडे होते. ती वडिलांची थोरली बहीण. तिला आरोंद्याला दिले होते. लग्नानंतर सहाव्या वर्षी नवरा गेला. मूलबाळ नव्हते. काही वर्षे ती दिराच्या घरात राबली आणि मग वडील जाऊन तिला घेऊन आले, तेव्हा मी चार वर्षांची होते. ‘बाय हंय इसव्याक इली आसा,’ असे वडिलांनी आल्या दिवशी आईला बजावले होते. या विसाव्याचा परिणाम असा झाला की घरात तिला कोणी काम सांगेना आणि ती दिवसभर काम शोधत फिरू लागली. तांदूळ निवडलेले असले तरी पुन्हा निवडायची. मशीन आल्यावर हे बदलले. स्वेटरचे तुकडे जोडायला माणूस लागत होता. पडवीतल्या खांबाजवळ तिचा पाट, सुयांचा डबा आणि कात्री अशी जागा ठरली. शेजारपाजारच्या बायका “येसू खंय गेली?” असे विचारत, तेव्हा आई म्हणे, “शिवूक बसली आसत.” बसण्यासारखे काम तिला आयुष्यात बहुधा प्रथमच मिळाले होते.

आमची पद्धत अशी होती. आधी सगळ्या स्वेटरांच्या पाठी विणायच्या, मग सगळे पुढे, म्हणजे समोरचे भाग, मग बाह्या. दर वेळी सुयांची मांडणी बदलण्यात वेळ जातो, म्हणून आईने हे ठरवले होते. लोकर बेळगावहून लडींच्या गठ्ठ्यांनी येई, एक गठ्ठा या बसच्या टपावर, दुसरा पंधरा दिवसांनी दुसऱ्या बसच्या. रंग मरून. प्रत्येक गठ्ठ्याचा मरून किंचित वेगळा असे, पण तो फरक आम्हाला दिसत नसे, किंवा दिसला तरी तो फरक आहे असे वाटत नसे. शिवाय आईचा हात घट्ट होता आणि माझा सैल. मॅट्रिक होऊन मी घरीच होते आणि दुपारचे मशीन मी चालवी. आई जेवून दोन तास पाठ टेके.

आते शिवायला बसण्यापूर्वी तासभर निव्वळ तुकडे मांडत बसे. पडवीत चटई घालून पाठी एका बाजूला, पुढे दुसऱ्या बाजूला. एक पाठ उचलायची, तिच्याशेजारी एक पुढा धरायचा, मान वाकडी करून बघायचे, बाजूला ठेवायचे, दुसरा धरायचा. जोडी जमली की ती काथ्याच्या दोऱ्याने बांधून ठेवायची. हे सगळे ती लग्न जुळवल्यासारखे बोलत बोलत करी.

“ह्या पाठीक ह्यो पुढो शोभना नाय. घोव काळो, बायल गोरी. लोकां काय म्हणतली?”

“वन्सं, लगीन मागसून लावा, आधी शिवा,” आई मशीनवरून म्हणे.

“पत्रिका बघल्याशिवाय लगीन? तुझ्या माहेरात चलता असतला, वयनी. आमच्यात चलना नाय.”

आम्ही हसत असू. तो तिचा वेळ काढण्याचा प्रकार आहे, असे आईला आणि मला वाटे. दिवसाला जेमतेम एक स्वेटर तिच्या हातून होई. डोळे अधू होत चालले होते आणि सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारी.

मी सांगते आहे त्या वर्षी साठ स्वेटरांचे काम आले. आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा ते मोठे होते. शाळा उघडण्यापूर्वी माल पोचला नाही तर पुढच्या वर्षापासून काम दुसरीकडे देऊ, असे दुकानदाराने लिहिले होते. विणणे वेळेवर झाले असते, पण शिवणे होण्याची चिन्हे नव्हती. पडवीत तुकड्यांचा ढीग वाढत होता. मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. आई तिच्यातली चित्रे बघे, मजकूर कोणी वाचलेला नव्हता. एका दुपारी मी शाळेतला शब्दकोश घेऊन तिच्यातले एक पान वाचायला बसले. तुकडे विणतानाच एकमेकांना कसे जोडावेत आणि शिवण कशी वाचवावी, याचे ते पान होते. ते समजायला मला चार दिवस लागले. पुढे तीस वर्षे वर्तमानपत्रात तारांची भाषांतरे केली, पण एवढ्या काळजीने एकही केले नाही.

कृती सोपी होती. पाठ आधी विणून तयार ठेवायची. पुढा विणताना दर दोन ओळींनंतर पाठीच्या काठाचा एक फासा उचलून टोकाच्या सुईवर चढवायचा आणि मग गाडी सरकवायची. पुढा वाढत जातो तशी ती बाजू आपोआप पाठीला जोडली जाते. खांद्याचे टाके दोन्हीकडचे एकाच सुयांवर घेऊन एकदम बंद करायचे. बाह्या वेगळ्या न विणता मुंढ्याचे, म्हणजे बाही लागते त्या काठाचे, फासे सुयांवर चढवून वरून खाली विणायच्या. एका स्वेटरच्या आठ शिवणींपैकी पाच अशा मशीनवरच होत. उरत त्या तीन, दुसरी बाजू आणि दोन्ही बाह्यांच्या खालच्या.

पहिला स्वेटर उतरला तो आई आणि मी पडवीत घेऊन गेलो. आतेने तो उलटा केला आणि जोडावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

“शिवण खंय गेली गो?”

“मशीनातच गेली, आते.”

“सगळी?”

“आठांतली पाच.”

तिने बोटांवर मोजले. “म्हणजे माका तीन ठेवलंस. उपकार गो बाय तुझे.” ती हसली, आम्हीही हसलो. मग तिने विचारले, “पाठ खंयची घेतलंस?”

“ढिगातली वरची.”

“वरची कित्याक?”

“वरती होती म्हणान.”

ती स्वेटर घेऊन अंगणाच्या कडेच्या सावलीपर्यंत गेली, तिरका धरून बघितला आणि परत आली. “वयनी, जोडी बघूक व्हयी होती.”

“वन्सं, रंग एकच आसा. मरून तो मरून,” आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता.

“एकच दिसता खरो,” आते म्हणाली आणि घडी घालून आत गेली. स्वयंपाकघरात तिने भांडी घासायला घेतली तोच आई मला म्हणाली, “शिवण गेली ना, म्हणान खोड काढतत.” आत भांडी घासण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आईने तो थांबलेला ऐकला की नाही, मला सांगता येणार नाही. मी ऐकला.

त्यानंतर आतेचे दिवसाचे काम तासा-दीड तासावर आले. चटईवर मांडण्यासारखे काही उरले नाही, कारण तुकडे जोडूनच येत होते. ती पुन्हा काम शोधू लागली. विहिरीचे पाणी मी भरत असे, ते ती माझ्या आधी उठून भरू लागली. गोठा, सारवण, जळणाची लाकडे, सगळे तिने हळूहळू आपल्याकडे ओढून घेतले आणि आम्ही ते जाऊ दिले. आम्हाला मशीनसाठी वेळ हवा होता. जेवताना पेजेची दुसरी पळी ती नको म्हणू लागली. वडिलांनी एकदा विचारले, “बाय, बरा नाय काय?” “बरा आसा रे. भूक नाय,” ती म्हणाली. दिवसभर पाणी भरणाऱ्या बाईला भूक नाही, हे ऐकून आम्ही आपापली पेज संपवली.

एका दुपारी आई झोपली असताना ती मशीनपाशी येऊन उभी राहिली. मी गाडी थांबवली.

“शालू, माका एक कार्ड लिहून दी. आरोंद्याक.”

मी दौत-टाक घेतला. ती खाली बसून सांगू लागली. “लिही. माका हंय आता काम उराक नाय. तुमच्या सुनेचे दिवस भरत इले असा आयकलंय. मी येतंय, बाळंतपण करतंय. मगे एका कोनशाक पडान रवतलंय. तुमका जड जावचंय नाय.”

मी लिहिले, ‘येथील सर्व क्षेम. सौ. सूनबाईंचे दिवस भरत आल्याचे कळले. मदतीस येण्याचा विचार आहे. उत्तर पाठवावे.’ काम उरले नाही आणि कोपऱ्यात पडून राहीन, ही दोन वाक्ये मी गाळली. ती पत्रात बरी दिसणार नाहीत, असे मला वाटले. पुढे संपादकाच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांची वाक्ये गाळताना मी नेहमी हेच कारण दिले. मी तिला मजकूर वाचून दाखवला. “बरा लिहिलंस. माका असा सुचला नसता,” ती म्हणाली. कार्ड मी त्याच संध्याकाळी स्टँडजवळच्या पेटीत टाकले. आईला किंवा वडिलांना सांगितले नाही. आतेने सांगू नको म्हटले नव्हते, आणि त्यांनी मला विचारले नव्हते. हे कारण आज मला पुरेसे वाटत नाही. तेव्हा वाटले.

छत्तीस स्वेटर बेळगावला गेले होते. माल पाठवल्यापासून दहाव्या दिवशी बसच्या टपावरून एक गठ्ठा उतरला. लोकर आली असे समजून मी तो डोक्यावर घेऊन घरी आणला. उघडला तर आत बावीस स्वेटर होते आणि चिठ्ठी होती. ‘पाठ व पुढा भिन्न रंगांचे आहेत. मुले हसतील.’

आम्ही ते अंगणात सावलीला चटईवर पसरले. बेळगावच्या दुकानात जे दिसले होते ते आता आम्हालाही दिसले. पाठ भिजलेल्या कोकमाच्या रंगाची, तर पुढा वाळलेल्या. शिवण असती तर मध्ये तिची जाड रेघ असती आणि नजर तिथे थोडी अडखळली असती. आमचा जोड इतका साफ होता की एक रंग संपून दुसरा सुरू होताना थेट दिसत होता. काहींमध्ये आईची घट्ट पाठ आणि माझा सैल पुढा एकत्र आले होते, त्या बाजूला चुण्या पडल्या होत्या. पुस्तिकेत याबद्दल एक अक्षर नव्हते. ती एका लोकरीच्या, एका हाताने विणलेल्या एका स्वेटरसाठी लिहिलेली होती. आमच्या घरात हा फरक सांभाळण्याचे काम एक बाई काथ्याच्या दोऱ्याने करत होती आणि ते काम आहे, हे आम्हाला माहीत नव्हते.

आई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, “वन्सं, जरा भायर येतात?”

आते पदराला हात पुसत आली. तिने चटईवरून एकदा नजर फिरवली. ‘मी सांगितलेले होते’ असे ती म्हणाली नाही. ती बसली, दोन स्वेटर उचलून उलटे केले आणि म्हणाली, “ह्या उसवूक व्हया.”

“सगळा?” मी विचारले.

“पाठी रवतली. बाकीचा सगळा.”

हाताने शिवलेला स्वेटर उघडायला एक दोरा कापून ओढला की पुरते. तुकडे सुटतात, सदोष तुकडा बदलता येतो. विणूनच जोडलेल्याला असा दोरा नसतो. बाह्या, खांदे, पुढा, सगळे शेवटच्या ओळीपासून मागे, ओळ ओळ उसवावे लागते. आम्ही तिघी दोन दिवस उसवत होतो. निघालेली लोकर नागमोडी झालेली असे. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करायची, आधणाच्या वाफेवर धरून सरळ करायची आणि वळणीवर वाळत घालायची. उन्हाळ्याच्या दिवसांत चुलीशी बसून लोकर शेकताना आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. ती फक्त पुढच्या लडीकडे हात करत होती.

आतेने कामाचा क्रम बदलला. विणून झाल्यावर जोडी लावण्याऐवजी ती आधीच लावायची. पाठ आणि लडी शेजारी ठेवून ती मला नेमून देई, “ह्या पाठीचो पुढो ह्या लडीतसून काढ. बाह्यो सुद्धा.” घट्ट पाठी आईने घ्यायच्या, सैल मी. असे केले की मशीनवरचा जोड चालत होता. तो क्रम इतका साधा होता की आपल्याला आधीच का सुचला नाही, हे बोलायचीही लाज वाटली. ती मला बघायलाही शिकवत होती. “उनात बघू नको, उनात सगळा सारख्या. सावळेत धर. तिरक्या. आता डोळे बारीक कर. काय दिसता?” “काय नाय.” “बघ मरे नीट. उद्या लगीन मोडला तर तुझ्या नावान बोंब.” तिसऱ्या दिवशी मला दिसू लागले. दोन्ही काठ बोटांत ताणून घट्ट-सैल ओळखायलाही मी शिकले. ती इतक्या घाईने का शिकवते आहे, ते मला माहीत होते.

आरोंद्याचे उत्तर आले ते वडिलांच्या हाती पडले. त्यांनी ते ओटीवर उभ्याउभ्या मोठ्याने वाचले. वहिनींनी जरूर यावे, त्यांची वाट पाहत आहोत, असे आतेच्या दिराने लिहिले होते. वाचता वाचता वडिलांचा आवाज खाली आला. आई दारात होती.

“वन्सं, ह्या काय? आमका इचारलास नाय.”

“काय इचारू, वयनी? थंय बाळंतपण आसा. माणूस लागतला.”

वडील आईकडे बघत होते. काय म्हणायचे ते तिने म्हणावे, अशी त्यांची अपेक्षा होती. आई खांबाला टेकली. त्या दिवशी सकाळपासून तिने मशीनवर किती ओळी काढल्या होत्या, देव जाणे. ती म्हणाली, “स्वेटर पुरे होयसर तरी रवा.”

या वाक्यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. आईला त्याहून अधिक म्हणायचे होते, याची मला खात्री आहे. तिला आतेने जाऊ नये असे वाटत होते आणि तोंडातून निघाले ते एवढेच. वाक्यात कठोर शब्द एकही नव्हता, फक्त स्वेटर पुरे होईपर्यंतची मुदत होती. आतेने ते जसे होते तसे घेतले.

“व्हय. तेवढा पुरा करून जातंय,” ती म्हणाली आणि वाळत घातलेल्या लडी उलटायला अंगणात उतरली. वडिलांनी कार्डाची घडी घातली, मग कार्डाला घडी पडते हे लक्षात येऊन ती पुन्हा सरळ केली.

साठ स्वेटर मुदतीत झाले. शेवटच्या पाठीची लड नेमून दिल्यावर आतेने उरलेला काथ्या गुंडाळून ठेवला आणि आपल्या ट्रंकेत काय काय जाईल ते बघायला घेतले. ट्रंक अर्धीसुद्धा भरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती निघाली. सावंतवाडीला बस बदलायची होती, म्हणून वडील बरोबर गेले. आईने खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या, वाकून नमस्कार केला आणि “जपान जावा, वन्सं,” म्हणाली. स्टँडवर मी ट्रंक वर चढवली. चहावाल्याने विचारले, “येसूबाय, खंय?” “घराक,” आते म्हणाली. ती खिडकीशी बसली आणि गाडी सुरू झाल्यावर गजांतून तोंड काढून मला म्हणाली, “पुढच्या वर्षी लोकर इली काय एक कार्ड टाक हां. आठ दिवस येतंय. जोडी लावन देतंय आणि जातंय.”

मी हो म्हटले.

पुढच्या माघात लोकर आली. गठ्ठे तीन वेगवेगळ्या दिवशी आले आणि तिन्ही रंग वेगळे होते. मी ते पडवीच्या सावलीत तिरके धरून बघितले आणि वेगळे केले. आईने विचारले, “जमता मा तुका?” मी म्हटले, “जमता.” आम्ही कार्ड टाकले नाही.